मंडळीपुढे वाचावे कसे?

पाठाचा मुख्य विचार: ऐकणाऱ्याच्या हाती पुस्तक नसते, वाचणाऱ्याचा आवाज हेच त्याचे पुस्तक होय.



ज्यास अक्षरे लावता येतात त्यास चारचौघांपुढे वाचताही येते, अशी समजूत आपल्या पुष्कळ मंडळ्यांत आढळते. माझीही एके काळी तीच समजूत होती. ती कशी गेली हे प्रथम सांगतो, कारण ह्या पाठाचे मूळ त्या प्रसंगात आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. सेमिनरीतील शिक्षण पुरे करून मी एका लहान खेड्यात नुकताच कामास लागलो होतो. मंडळीत एक वृद्ध विधवा होती. तिला अक्षरओळख नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा मुंबईस इमारतीच्या कामावर होता. नाताळाच्या आधी दोन आठवडे त्याचे पत्र आले. ते घेऊन ती उपासनेनंतर मंदिराच्या ओट्यावर माझ्याकडे आली. पत्र म्हटल्यावर शेजारच्या बायाही जमल्या. मला पुढच्या गावी जावयाची घाई होती, म्हणून मी उभ्या उभ्याच वाचू लागलो. मुलाने लिहिले होते की, ह्या नाताळास मी घरी येणार नाही. ‘घरी येणार’ इथवर मी मोठ्याने वाचले आणि नेहमीच्या सवयीने वाक्याच्या शेवटी आवाज खाली टाकला. ‘येणार’ हा शब्द कानी पडताच बाया आनंदाने बोलू लागल्या आणि माझा ‘नाही’ त्या गलबल्यात बुडाला. पुढे पैशांविषयी दोन ओळी व नमस्कार होता. तो भरभर वाचून मी पत्र तिच्या हाती दिले व निघून गेलो.

नाताळाच्या आदल्या दिवशी ती म्हातारी दुपारपासून रात्रीच्या शेवटच्या एस. टी. गाडीपर्यंत फाट्यावर बसून राहिली. नाताळाच्या दिवशी उपासना आटोपून पुन्हा जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी तिने ते पत्र माझ्यापुढे धरले व म्हणाली, “मास्तर, येवढं पुन्यांदा वाचा.” मी वाचले. ह्या वेळी ‘नाही’ हा शब्द तिनेही ऐकला आणि मीही ऐकला. मला काही बोलता येईना. तीच म्हणाली, “माझ्या कानाचाच दोष आसंल, मास्तर.”

दोष तिच्या कानाचा नव्हता.

पत्राची जी गत, तीच कथेची, चरित्राची, कवितेची व शास्त्रपाठाची. फरक इतकाच की, पत्रातील चूक तिसऱ्या दिवशी उघडकीस आली. मंडळीपुढे वाचलेल्या ग्रंथातील चूक पुष्कळदा कधीच उघडकीस येत नाही. लोक उठून घरी जातात आणि जे पुस्तकात नव्हते तेच पुस्तकात होते असे समजून बसतात.

१. ऐकणाऱ्यास मागचे पान उलटता येत नाही

एकटे बसून मनात वाचणारा मनुष्य मोठ्या सोयीत असतो. वाक्य कळले नाही तर तो मागे जातो, शब्द अडला तर थांबतो, कंटाळा आला तर पुस्तक मिटतो. ऐकणाऱ्यास ह्यांपैकी एकही सोय नाही. शब्द एकदाच येतो आणि जातो. म्हणून मागे जाणे, थांबणे व अडलेला शब्द उलगडणे ही जी कामे वाचक आपल्यापुरती करतो, तीच मोठ्याने वाचणाऱ्याने सर्वांच्या वतीने आधीच करून ठेविली पाहिजेत.

नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय आपणांस ठाऊक आहे. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहिला आणि सकाळपासून दोन प्रहरपर्यंत त्याने लोकांपुढे नियमशास्त्र वाचले. पुरुष, स्त्रिया व समजण्याजोगी मुले, सर्व तेथे होती. वाचन स्पष्ट झाले, अर्थ उलगडून सांगण्यात आला आणि लोक रडू लागले. लक्षात घ्या की, त्या चौकात ग्रंथ एका मंचावर आणि ऐकणारे हजारो होते. त्यांना समजले म्हणून रडू आले; नुसता आवाज ऐकून कोणी रडत नाही.

आपल्या देशीही हीच परंपरा होती. श्रावणात वाड्यात किंवा देवळात पोथी लावीत. श्रीधर कवीचा ‘हरिविजय’ १७०२ साली पुरा झाला. तो व त्याचे इतर ग्रंथ महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत ज्यांनी मनात वाचले त्यांच्याहून ज्यांनी ऐकले तेच फार. गोव्यातील सासष्टीच्या नव्या ख्रिस्ती लोकांकरिता फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन अक्षरांत छापले गेले. लोक तो ग्रंथ देवळांत वाचून दाखविलेला ऐकत. त्यांतील बहुतेकांनी त्याचे एक पानही कधी हाती धरले नसेल. तरी तो त्यांचा ग्रंथ झाला, कारण कोणीतरी तो त्यांच्यापुढे नीट वाचीत होते.

आज शाळा वाढल्या आहेत. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे महाराष्ट्रात सात वर्षांवरील शंभर माणसांत सुमारे ८२ साक्षर होती. परंतु उरलेली अठरा कोण? ती बहुधा आपल्या मंडळीच्या पुढच्या सतरंजीवर बसलेली असतात. शिवाय साक्षरांतही असे पुष्कळ आहेत की, ज्यांना सही येते पण अध्याय वाचवत नाही, किंवा ज्यांची दृष्टी गेली आहे. त्यांच्यासाठी वाचावयाचे आहे.

२. मराठीत शेवटचा शब्द

आता माझ्या चुकीकडे येतो, कारण ती एकट्या माझी नाही. आपल्या भाषेची ठेवणच अशी आहे की, त्या ठेवणीत ही चूक सहज घडते.

मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, आणि नकार तर त्याच्याही मागून येतो. ‘त्याने हात उगारला नाही.’ ‘मला राग आला नव्हता.’ ‘तू भिऊ नकोस.’ ‘दुबळ्यास असे बोलू नये.’ ह्या प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द झाकून पाहा. पहिल्यात मार बसतो, दुसऱ्यात राग येतो, बाकीच्यांचा अर्थच लागत नाही. शेजारच्या हिंदीत ‘नहीं’ हा शब्द बहुधा क्रियापदाच्या आधी येतो, म्हणून ऐकणारा आधीच सावध होतो. आपल्याकडे वाक्याच्या अगदी दाराशी पोहोचेपर्यंत होकार की नकार हे कळत नाही.

आणि नेमके तेथेच वाचणाऱ्याचा श्वास संपतो. वाक्याच्या आरंभी छाती भरलेली असते, आवाज मोठा असतो. शेवटी दम सरतो, डोळे पुढच्या ओळीकडे धावतात आणि शेवटचा शब्द घशातच राहतो. कर्ता ऐकू येतो, कर्म ऐकू येते, आणि त्याने काय केले हेच ऐकू येत नाही.

ह्यास उपाय सोपा आहे. एक: लांब वाक्याच्या आरंभीच नव्हे, तर मध्येही जेथे अर्थ तुटत नाही तेथे थोडा श्वास घ्या, म्हणजे शेवटच्या शब्दासाठी श्वास शिल्लक राहील. दोन: शेवटचा शब्द ओठांतून पुरा बाहेर पडल्याशिवाय डोळे पुढच्या ओळीवर नेऊ नका. तीन: आवाज उतरणे हे पूर्णविरामाचे स्वाभाविक लक्षण आहे, पण उतरणे वेगळे आणि बुडणे वेगळे. विहिरीच्या पायऱ्या उतरणारा दिसत राहतो. बुडणारा दिसेनासा होतो.

३. विराम

जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांस ठाऊक आहे की, त्यांत शब्द वेगळे तोडलेले नसत. ओळ सलग चाले. फक्त चरणाच्या किंवा ओवीच्या शेवटी एक दंड वा दोन दंड येत. शब्द कोठे तुटतो व अर्थ कोठे पुरा होतो हे पुराणिकास आधी लावून ठेवावे लागे. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही आज आपल्या हाडीमाशी भिनलेली चिन्हे मराठीत एकोणिसाव्या शतकात रुजली, आणि ह्या कामी मेजर थॉमस कँडी ह्यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० चे.

छापील चिन्हे वाटाड्यासारखी आहेत. परंतु वाटाड्या पुढे चालला म्हणून आपले पाय आपोआप चालत नाहीत. स्वल्पविराम दिसला की थांबावे आणि न दिसला की धावावे, असे करणारा वाचक पुष्कळदा चुकतो. ‘तो म्हणाला की,’ येथे पुस्तकात ‘की’ नंतर स्वल्पविराम असतो, पण बोलताना आपण सर्वच तेथे थांबतो असे नाही. उलट ‘शेतावर राबून थकलेला तो म्हातारा झाडाखाली बसला’ ह्या वाक्यात एकही चिन्ह नाही; तरी ‘म्हातारा’ ह्या शब्दानंतर क्षणभर थांबल्यावाचून तो म्हातारा डोळ्यांपुढे उभा राहत नाही.

विराम तीन प्रकारचे समजावे. पहिला श्वासाएवढा, जो वाक्याच्या आत येतो. दुसरा वाक्याच्या शेवटचा. तेथे मनात ‘एक’ म्हणावे. तिसरा परिच्छेदाच्या किंवा प्रसंगाच्या शेवटचा. तेथे मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणावे व मान वर करून लोकांकडे पाहावे. हा तिसरा विराम नव्या वाचकास फार लांब वाटतो. त्यास वाटते, लोक मला विसरलो असे समजतील. तसे होत नाही. त्या शांततेत लोक नुकतेच ऐकलेले आपल्या मनात लावून घेत असतात. पावसाचे पाणी मुरावयास जसा वेळ लागतो तसाच अर्थास लागतो. धो-धो पडले तर सारे वाहून जाते.

४. जोर कोठे द्यावा

मराठीत बारीकसारीक अव्यये मोठे काम करतात. ‘मीच गेलो’, ‘मी तेथेच गेलो’, ‘मी तेथे गेलोच’: शब्द तेच, एक ‘च’ जागा बदलतो आणि तीन निरनिराळ्या गोष्टी होतात. तसेच ‘ही’, ‘तरी’, ‘तर’, ‘मात्र’, ‘सुद्धा’. लेखकाने हे शब्द ज्या ठिकाणी ठेविले तेथे त्याने आपल्या हाताला धरून सांगितले आहे की, जोर येथे दे. त्याचे ऐकावे.

प्रत्येक वाक्यात एकच शब्द सर्वांत महत्त्वाचा असतो, क्वचित दोन. जो वाचक सर्वच शब्दांवर जोर देतो तो कोणत्याच शब्दावर जोर देत नाही. वाक्य हाती आले की स्वतःस विचारावे: ह्या वाक्यात नवे काय आहे? आधीच सांगितलेल्या गोष्टीवर जोर नको. जे आता प्रथम येत आहे त्यावर द्यावा.

उच्चारांविषयी दोन शब्द. ‘जरा’ हा शब्द ‘थोडे’ ह्या अर्थी एका तऱ्हेने व ‘म्हातारपण’ ह्या अर्थी दुसऱ्या तऱ्हेने उच्चारतात. अक्षर एकच असते. असे शब्द आधी पाहून ठेवावे. अपरिचित नावे, विशेषतः परदेशी व शास्त्रातील, घरी दहा वेळा मोठ्याने म्हणून ओठांस सवय लावावी. परंतु कोणाच्या गावाकडील बोलीस हसू नये. स्पष्टपणा आणि शहरी ढब ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्वच्छ उच्चाराने वाचणारा शेतकरी हा अडखळत शुद्ध बोलणाऱ्या पदवीधराहून चांगला वाचक होय.

५. दोन खोड्या: हेल आणि नाटक

आपल्यापैकी अनेकांनी पाढे व धडे एका चालीत घोकले. ती चाल पुढे वाचनात उतरते. प्रत्येक वाक्य एकाच उंचीवर चढते व एकाच खोलीवर उतरते. लोकांस पाळण्यातल्या मुलासारखी झोप येते. ओवी किंवा अभंग चालीवर म्हणणे ही निराळी गोष्ट. तेथे चाल हा काव्याचाच भाग आहे. पण गद्यास चाल लावणे म्हणजे चालत्या माणसास खुर्चीत बांधणे. हा दोष घालविण्यास एक युक्ती आहे. परिच्छेद वाचावा, पुस्तक मिटावे आणि तीच गोष्ट शेजाऱ्यास सांगतो तशी आपल्या शब्दांत बोलावी. मग पुस्तक उघडून पुन्हा वाचावे. पहिल्या व दुसऱ्या वाचनातील फरक तुमचा तुम्हांसच ऐकू येईल.

दुसरी खोडी उलट दिशेची. काही बंधू वाचता वाचता पात्रच होऊन जातात. दरोडेखोर आला की ओरडतात, आई रडली की हुंदके देतात. लोक गोष्ट विसरून वाचणाऱ्याकडे पाहत राहतात. वाचणाऱ्याने पात्राचे सोंग घेऊ नये. आवाजाच्या किंचित फेराने कोण बोलत आहे एवढे दाखवावे. म्हातारा असेल तर थोडे सावकाश, मूल असेल तर थोडे हलके, बस्स.

ह्याबाबतीत इंग्लंडचे प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स ह्यांचे चरित्र बोधप्रद आहे. डिसेंबर १८५३ मध्ये बर्मिंगहॅम शहरी त्यांनी आपली ‘ए ख्रिसमस कॅरल’ ही नाताळची कथा एका संस्थेच्या मदतीसाठी प्रथम जाहीरपणे वाचली, आणि एक वाचन खास कामकरी लोकांसाठी अल्प दरात ठेवावे असा त्यांनीच आग्रह धरिला. पुढे १८५८ पासून त्यांनी वाचनाचे दौरे काढिले. लोकांची अलोट गर्दी होई. शेवटी शेवटी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ मधील एका खुनाचा प्रसंग ते इतक्या आवेशाने वाचू लागले की, वाचन संपल्यावर त्यांची प्रकृती बिघडे. एप्रिल १८६९ मध्ये वैद्यांनी त्यांचा दौरा मध्येच थांबविला. जगातील एका उत्तम वाचकासही आवेश जड गेला. मग आपण त्याच्या नादी का लागावे?

६. तयारी

पण त्याच डिकन्सपासून घेण्याजोगी एक मोठी गोष्ट आहे, ती त्यांची तयारी. कथा त्यांनी स्वतः लिहिलेली. ती त्यांना पाठ असली पाहिजे असे आपणांस वाटेल. तरी वाचनासाठी ते आपल्या पुस्तकाची वेगळी प्रत करीत. छापील पाने मोठ्या कागदांवर चिकटवून घेत, लांबट भाग छाटीत, जोराच्या शब्दांखाली रेघा ओढीत आणि समासात स्वतःस सूचना लिहीत. आवाजावरूनच कोण बोलतो हे कळत असेल तेथील ‘तो म्हणाला’ असे शब्दही ते गाळीत. ‘डॉक्टर मॅरिगोल्ड’ ही कथा लोकांपुढे नेण्याआधी आपण दोनशेहून अधिक वेळा तालीम केली, असे त्यांनी एका मित्रास कळविले होते. ज्याने लिहिले त्यास दोनशे वेळा. आणि आपण उपासनेच्या घंटेनंतर अध्याय शोधीत बसतो!

दोनशे वेळा नको, पाच वेळा पुरे. पहिल्यांदा मनात वाचावे, अर्थासाठी. दुसऱ्यांदा हाती पेन्सिल घेऊन, अडणाऱ्या शब्दांसाठी. तिसऱ्यांदा मोठ्याने, विरामांच्या खुणा करीत. चौथ्यांदा घरच्या माणसापुढे. त्यास विचारावे की, काय कळले? आवाज कसा होता हे विचारू नये. पाचव्यांदा उभे राहून, ज्या जागी वाचावयाचे त्या जागी. खुणांसाठी पोथीतलेच दंड घ्या: लहान विरामास एक, मोठ्यास दोन. कथा लांब असेल तर काही भाग गाळण्यास हरकत नाही, परंतु लेखकाचे शब्द बदलू नयेत व गाळले आहे हे लोकांस सांगावे. शास्त्रपाठात मात्र नेमलेला भाग पुराच वाचावा.

सरावासाठी एक लहानसा उतारा मी स्वतः रचून देतो:

पाऊस थांबला तेव्हा म्हातारीने दार उघडले. अंगणात कोणी नव्हते. गोठ्यातली गाय मात्र मान वर करून वेशीकडे पाहत होती. म्हातारी म्हणाली, “तुला तरी ऐकू आले का ग?” गाय हलली नाही. इतक्यात वेशीवरून पुन्हा तीच हाक आली. पण आता तिच्यात भीती नव्हती.

आता खुणा करून पाहू:

पाऊस थांबला तेव्हा । म्हातारीने दार उघडले ॥ अंगणात । कोणी नव्हते ॥ गोठ्यातली गाय मात्र । मान वर करून । वेशीकडे पाहत होती ॥ म्हातारी म्हणाली । तुला तरी ऐकू आले का ग ॥ गाय हलली नाही ॥ इतक्यात । वेशीवरून पुन्हा तीच हाक आली ॥ पण आता । तिच्यात भीती नव्हती ॥

ह्यात ‘नव्हते’, ‘नाही’, ‘नव्हती’ हे तीन नकार वाक्यांच्या शेवटी आहेत. तिन्ही ऐकू आले पाहिजेत. ‘अंगणात’ नंतरचा लहान विराम ऐकणाऱ्यास अंगणात नजर फिरवावयास वेळ देतो. ‘तुला तरी’ येथे जोर ‘तरी’वर पडला म्हणजे म्हातारीला दुसऱ्या कोणी उत्तर दिले नाही हे न सांगता कळते. ‘तीच’ ह्या शब्दावर जोर पडला म्हणजे हाक आधीही आली होती हे कळते. शेवटच्या वाक्यात जोर ‘आता’वर, घाई केली तर साऱ्या गोष्टीचे फळ हातचे जाईल.

७. काय वाचावे

शास्त्रपाठ तर ठरलेला असतो. परंतु सायंकाळच्या बैठकीस, स्त्रियांच्या सभेस, तरुणांच्या मेळाव्यास इतर चांगले वाङ्मयही वाचावे. निवड करताना एकच कसोटी लावावी: हे बोलल्यासारखे लिहिले आहे काय? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती रात्रींत विभागलेली आहे; एकेका रात्री श्याम आपल्या सोबत्यांस एकेक आठवण सांगतो. म्हणजे ते पुस्तक मुळातच ऐकणाऱ्यांसाठी मांडलेले आहे; एका बैठकीस एक रात्र बेताची होते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांची भाषा स्वयंपाकघरात बसून बोलणाऱ्या बाईची आहे. वाक्ये लहान, विनोद सहज. तो विनोद वाचणाऱ्याने आधीच हसून नासवू नये. गंभीरपणे वाचावा, लोक हसतील. हसू आले की थांबावे आणि ते ओसरू लागले की पुढे जावे.

लांब वर्णने, एकात एक गुंतलेली वाक्ये, नावांच्या याद्या ही कानासाठी जड असतात. अर्ध्या तासाच्या आत वाचन संपवावे. लोकांची आणखी ऐकण्याची इच्छा शिल्लक असताना पुस्तक मिटणे हे उत्तम.

८. जागा, उजेड व यंत्र

पुस्तक छातीच्या उंचीवर धरावे. तोंडापुढे धरले तर आवाज पानावर आपटतो. उजेड मागून, खांद्यावरून यावा. उघड्यावर वाचताना पाठीमागे भिंत असेल तर बरे, आणि वारा आपल्याकडून लोकांकडे वाहत असावा. वाचण्यापूर्वी पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव व प्रसंग एक-दोन वाक्यांत सांगावा. नंतर सर्वांत मागे बसलेल्या माणसाकडे पाहून पहिले वाक्य म्हणावे. त्याच्या चेहऱ्यावरून आवाज पोहोचला की नाही हे कळते.

आता बहुतेक ठिकाणी ध्वनिक्षेपक आला आहे. त्यापुढे सुमारे वीतभर अंतर ठेवावे व ओरडू नये. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो, म्हणून नेहमीपेक्षाही सावकाश वाचावे. यंत्र आवाज मोठा करते, अर्थ मोठा करीत नाही. गिळलेला शब्द यंत्रास दिसत नाही.

कोणी विचारील, आता मोबाइलमध्ये सारे ग्रंथ ऐकावयास मिळतात, मग आम्ही कशाला शिणावे? ते ऐकावे, त्यापासून शिकावेही. पण त्या यंत्रास समोरची म्हातारी दिसत नाही. तिच्या कपाळावर आठी पडली तर ते थांबत नाही. तिने “पुन्यांदा वाचा” म्हटले तर त्यास ऐकू येत नाही. माणूस वाचतो तेव्हा तो ऐकतही असतो.

एक विनंती वडीलमंडळींस. वाचनाची पाळी एकाच माणसाकडे ठेवू नका. नव्याने वाचावयास शिकलेल्या स्त्रियांस व मुलांस आठ दिवस आधी भाग नेमून द्या. चूक झाली तर भर सभेत सुधारू नका. नंतर एकीकडे बोलावून सांगा. सभेत लाजलेला वाचक पुन्हा उभा राहत नाही, आणि त्याचे नुकसान मंडळीसच सोसावे लागते.

अभ्यास

१. ह्या अंकातील कोणताही एक परिच्छेद घ्या व त्यातील प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द तेवढा मोठ्याने वाचा. किती शब्दांवर साऱ्या वाक्याचा अर्थ टांगलेला आहे?

२. ‘मी त्याला पैसे दिले’ हे वाक्य चार वेळा वाचा. दर वेळी जोर निराळ्या शब्दावर द्या. प्रत्येक वेळी हे वाक्य कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते?

३. येत्या रविवारचा शास्त्रपाठ दंडांच्या खुणा करून तयार करा. घरातील ज्या माणसास वाचता येत नाही त्यापुढे वाचा व काय कळले ते त्याच्याच तोंडून ऐका.

शेवटी पुन्हा त्या म्हातारीविषयी. ती त्यानंतर काही वर्षे होती, आणि तिची पत्रे मीच वाचून दाखवीत असे. तिने मला कधी बोल लावला नाही. पण पत्र उघडले की ती जवळ सरकून बसे, सर्वांस हाताने गप्प करी आणि म्हणे, “मास्तर, शेवटचा शबूद दोनदा वाचा.” सेमिनरीत वक्तृत्वावर पुष्कळ व्याख्याने ऐकली, तरी वाचनाचा ह्याहून उपयुक्त नियम मला कोणी शिकविला नाही. बंधुभगिनींनो, तुमच्यापुढे बसलेला प्रत्येक जण मनातून हेच म्हणत आहे. त्यास दोनदा वाचून दाखविणे नेहमीच शक्य होणार नाही. म्हणून एकदाच वाचा, पण असे वाचा की कोणी व्यर्थ फाट्यावर जाऊन बसणार नाही.